शिरोरेषा आधी जोडा, खोली मग द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिसळीच्या दुकानाचा बोर्ड करायचाय. इलस्ट्रेटर या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मिसळ' टाइप करून थ्रीडी एक्स्ट्रूड दिलं, म्हणजे सपाट अक्षराला जाडी दिली, तर अक्षरं जिथे जुळतात तिथे शिरोरेषेवर भेगा दिसतात, कॉम्प्युटरचं मशीन अडकतं आणि पिवळा रंग प्रिंटमध्ये शेवाळी उतरतो. मग जुनं थ्रीडी वापरावं, नवं वापरावं, की सरळ कोरलड्रॉ उघडावं? शिवाय त्याच नावाच्या मसाल्याच्या बाटलीचं चित्र मालकांना दाखवायचंय.

बोर्ड आणि लेबलं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे यातल्या प्रत्येक खड्ड्यात मी एकदा तरी पडलोय. सॉफ्टवेअर कोणतं हा प्रश्न शेवटी घेऊ. तुमची अडचण इफेक्टमध्ये नाही, इफेक्टच्या खाली असलेल्या सपाट अक्षरात आहे.

भेगांपासून सुरुवात करतो. देवनागरी फॉन्टमध्ये शिरोरेषा ही एक सलग रेघ नसते. म ची वेगळी, स ची वेगळी, ळ ची वेगळी. फट राहू नये म्हणून फॉन्ट करणारे प्रत्येक अक्षराची रेघ कडेला जराशी पुढे काढून ठेवतात, म्हणजे ती शेजारच्या अक्षरावर किंचित चढते. सपाट आणि एकाच रंगात असताना हे कोणाला दिसत नाही. एक्स्ट्रूड दिलं की प्रत्येक अक्षर हा स्वतंत्र ठोकळा होतो. त्याला स्वतःच्या बाजू आल्या, स्वतःची सावली आली. दोन ठोकळ्यांची तोंडं एकाच पातळीवर एकमेकांत घुसली की पुढे कोण आणि मागे कोण हे प्रोग्रामला ठरवता येत नाही. कडेच्या भिंतीचा गडद रंग मध्येच डोकावतो. तुम्हाला दिसणारी भेग म्हणजे ती भिंत.

रोमन अक्षरांत ही कटकट नाही, कारण तिथे अक्षरं मुळात सुटी असतात. त्यामुळे इंग्रजी ट्युटोरियलमध्ये ही पायरी तुम्हाला सहसा सापडणार नाही.

उपाय असा. आधी शब्द नीट टाइप करा. वेलांटी किंवा रफार जागेवर बसत नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या विभागात 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करा आणि परिच्छेदाला भारतीय लिपी नीट मांडणारा कंपोझर लावा. शुद्धलेखन मालकाकडून पक्कं करून घ्या, कारण यापुढे अक्षरं ही अक्षरं राहत नाहीत. टाइप केलेल्या शब्दाची एक प्रत लॉक करून बाजूला ठेवा. मग क्रिएट आउटलाइन्स (अक्षरांचे आकार करणं), अनग्रुप आणि पाथफाइंडरमधलं युनाइट (आकार एकत्र जोडणं). कोरलमध्ये हेच कंट्रोल-क्यू आणि वेल्ड. आता इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-वाय दाबून नुसत्या रेषा पाहा. शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच लांब पट्टी दिसली पाहिजे, मध्ये एकही उभी रेघ नको.

इथे घाई करू नका. जोडाच्या जागी झूम करून पाहिलंत तर बऱ्याचदा दोन अँकर पॉइंट, म्हणजे रेषा बांधणारे बिंदू, अगदी शेजारी शेजारी बसलेले दिसतात, आणि त्यांच्यात केसाएवढी पायरी असते. दोन अक्षरांच्या रेघा उंचीला किंचित कमी-जास्त होत्या, म्हणून ती राहिली. सपाट चित्रात ती कधीच दिसणार नाही. थ्रीडीत मात्र त्या पायरीलाही भिंत येते आणि भिंतीवर वेगळा उजेड पडतो, म्हणजे पुन्हा भेगच. ते दोन्ही पॉइंट डिलीट करा, रेघ सरळ होईल. मिसळमध्ये असे जोड तीनच सापडतील: वेलांटी आणि म, म आणि स, स आणि ळ. पाच मिनिटांचं काम आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये वेलांट्या-मात्रांचे सुटे तुकडे असतात, तिथे थोडा जास्त वेळ धरा. युनाइट केल्यावर म ची गाठ आणि ळ चे डोळे बुजले नाहीत ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

मालकांचं नाव अजून ठरत नसेल आणि शब्द बदलता ठेवायचा असेल, तर टाइपवरच इफेक्ट मेनूतलं पाथफाइंडर-अ‍ॅड लावून त्याच्याखाली थ्रीडी लावता येतं. वस्तूवरचे रंग आणि इफेक्ट दाखवणाऱ्या अपिअरन्स पॅनेलमध्ये इफेक्ट वरून खाली लागत जातात, म्हणून अ‍ॅड वर आणि थ्रीडी खाली असाच क्रम हवा. नमुना दाखवायला हे ठीक आहे. अंतिम फाइलसाठी मी हातानेच जोडतो.

आता मशीन का अडकतं ते. शब्दाच्या बाह्यरेषेवर जितके पॉइंट, साधारण तितक्या बाजूच्या भिंती. गोलाईवर उजेड हळूहळू बदलताना दिसावा म्हणून जुनं एक्स्ट्रूड प्रत्येक वळणाच्या पट्ट्या पाडतं. त्या किती, हे 'ब्लेंड स्टेप्स' ठरवतं, आणि ते आपोआप २५ असतं. साठ पॉइंटचा स्वच्छ शब्द असेल तर ढोबळ हिशेबाने हजार-दीड हजार तुकडे. तोच शब्द कोणीतरी व्हिजिटिंग कार्डाच्या फोटोवरून ऑटो-ट्रेस करून, म्हणजे सॉफ्टवेअरकडून आपोआप रेषा काढून घेऊन, दिलेला असेल तर पॉइंटच हजाराच्या घरात असतात, तुकड्यांची मोजणीच नको. आधी ऑब्जेक्ट मेनूत पाथखालचं सिम्प्लिफाय करा किंवा सरळ पेन टूलने पुन्हा काढा. नमुना बघताना ब्लेंड स्टेप्स पाच-सहावर ठेवा आणि शेवटी वाढवा. बेव्हल, म्हणजे तासलेली तिरकी कड, लावायचंच असेल तर लहान ठेवा. म च्या गाठीसारख्या अरुंद जागी बेव्हल स्वतःलाच छेदतं, आणि इलस्ट्रेटर तसा इशाराही देतं. तो इशारा बघून ओके दाबणारे मी पुष्कळ पाहिलेत.

स्क्रीनवर पट्ट्यांच्या मध्ये पांढऱ्या बारीक रेघा दिसतात, त्यांना मात्र घाबरू नका. त्या बहुतेक वेळा अँटी-अलायझिंगमुळे, म्हणजे स्क्रीनवर कडा मऊ दाखवण्याच्या पद्धतीमुळे, दिसतात आणि छापल्या जात नाहीत. झूम केल्यावर त्या तेवढ्याच बारीक राहिल्या तर तो दिसण्याचा दोष. झूमबरोबर जाड होत गेल्या तर खरीच फट आहे, दुरुस्त करा.

पिवळ्याचं शेवाळं होण्यामागचं कारण साधं आहे. जुन्या थ्रीडीत शेडिंगचा रंग आपोआप काळा असतो, आणि पिवळ्यात काळा मिसळला की हिरवटच दिसणार. मोअर ऑप्शन्स उघडून शेडिंग कलर 'कस्टम' करा आणि पिवळ्यासाठी तांबूस तपकिरी द्या. मी सायन ०, मॅजेंटा ६०, यलो १००, ब्लॅक ४० च्या आसपास सुरुवात करतो आणि प्रिंटरच्या मशीनप्रमाणे वर-खाली करतो. केशरीला मरून छान बसतो. लालाला काळा चालतो, पण गडद जांभळट लाल जास्त शोभतो. फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, ठेवा, नाहीतर स्क्रीनवरच्या झगमगाटावर मालक भाळतात आणि फ्लेक्स टांगल्यावर फोन येतो. एक अडचण आहे: कस्टम शेडिंग घेतलं की 'प्रिझर्व्ह स्पॉट कलर्स' चालत नाही. डिजिटल फ्लेक्सला त्याने काही बिघडत नाही. मसाल्याच्या पाकिटाला खास स्पॉट रंग, म्हणजे वेगळी तयार शाई, ठरलेला असेल तर मात्र बिघडतं.

बाजूच्या भिंती पूर्ण वेगळ्या रंगाच्या हव्या असतील, म्हणजे तोंड पिवळं आणि कडा लाल, तर अक्षराला लाल स्ट्रोक, म्हणजे कडेची रेघ, द्या. जुन्या एक्स्ट्रूडमध्ये भिंत स्ट्रोकचा रंग घेते. युक्ती छान आहे, पण पृष्ठभाग वाढतात आणि मशीन पुन्हा धापा टाकतं.

खोली किती आणि कुठल्या दिशेला, यावर जरा थांबतो, कारण बोर्डाचं वाचणं-न वाचणं इथे ठरतं. इलस्ट्रेटर आपोआप ५० पॉइंट खोली देतं, म्हणजे साधारण साडेसतरा मिलिमीटर, आणि अक्षर उणे १८, उणे २६ आणि ८ अंशांत फिरवून ठेवतं. चौकोनी ठोकळ्याला ते बरं दिसतं. मराठी शब्दाला नाही. शिरोरेषा तिरकी झाली की आपल्या डोळ्याला शब्द घसरल्यासारखा वाटतो. कुठल्याही जुन्या पेंटरने शिरोरेषा आडवी ठेवून नुसती कडेला आणि खाली जाडी काढली असती, आणि ते बरोबर आहे. म्हणून मी पोझिशन 'फ्रंट' घेतो आणि तिथून अगदी थोडं फिरवतो, शब्द तिरका करणारा झेडचा कोन शून्यच ठेवतो.

दिशेचंही एक गणित आहे. म, स, त, प, ग अशा पुष्कळ अक्षरांचा काना उजवीकडे असतो. जाडी उजवीकडे टाकली तर कान्याची भिंत दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत पडते, डावीकडे टाकली तर अक्षराच्या पोटात शिरते आणि स आतून भरल्यासारखा होतो. खाली टाकलेल्या जाडीत शिरोरेषेची खालची बाजू उघडी पडते, आणि ती अक्षराच्या पोकळीत लोंबते. वर टाकली तर वेलांटी आणि शिरोरेषा यांच्यातली फट बुजते. थोडक्यात, उजवीकडे आणि खाली, पण खालची दिसणारी जाडी शिरोरेषेच्या जाडीपेक्षा जास्त नको. हा माझा अंदाजाचा नियम आहे, कुठल्या पुस्तकातला नाही, पण 'अजून बाहेर आलं पाहिजे' म्हणणाऱ्या मालकांना मी दोन प्रिंट रस्त्यापलीकडे धरून दाखवतो आणि ते दर वेळी कमी खोलीचा उचलतात.

आणखी एक फसवणूक. तुम्ही लहान आकारात काम करून मग लोगो दहापट मोठा केलात आणि 'स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स' बंद असेल, तर अक्षर दहापट होतं आणि खोली ५० पॉइंटच राहते. बोर्डावर अक्षर पापडासारखं दिसतं. मोठं करण्याआधी तो पर्याय तपासा.

एकापेक्षा जास्त वस्तू असतील, समजा शब्दाबरोबर वाटी आणि पाव, तर आधी ग्रुप करा आणि मग इफेक्ट द्या. सुट्या वस्तूंना एकदम इफेक्ट दिला तर प्रत्येक वस्तू आपापल्या अक्षाभोवती फिरते आणि तिचा अवकाश वेगळा राहतो. ग्रुपला दिला तर सगळ्या मिळून एकाच अवकाशात बसतात.

आता जुनं, नवं की कोरल. जुनं थ्रीडी इलस्ट्रेटरमध्ये २००३ च्या सीएस आवृत्तीत आलं. ऑक्टोबर २०२१ पासून 'थ्रीडी अँड मटेरियल्स' नावाचं नवं पॅनेल आलं आणि जुनं 'क्लासिक' म्हणून मेनूत खाली गेलं, काढलेलं नाही. दोघांमधला मूळ फरक असा की क्लासिक तुम्हाला आकार देतं आणि नवं तुम्हाला फोटो देतं. क्लासिक एक्स्पांड केलंत की सपाट व्हेक्टरचे, म्हणजे रेषांनी बनलेल्या आकारांचे, तुकडे हातात येतात, ते रंगवा, कापा, काहीही करा. नव्यात रे ट्रेसिंग, म्हणजे उजेडाच्या किरणांचा हिशेब, चालू केलं की लाकूड, पितळ, दगड, खरी सावली सगळं मिळतं, पण मिळतं ते पिक्सेलमध्ये. म्हणून त्याआधी डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स सेटिंगमध्ये रेझोल्यूशन ठरवून घ्या. लांबून बघायच्या फ्लेक्सला छपाईच्या मापात इंचाला ७२ पिक्सेल पुरतात, हातात धरायच्या मेन्यूकार्डाला ३०० हवेत. रे ट्रेसिंग काम संपेपर्यंत बंदच ठेवा, शेवटी एकदा चालू करा आणि चहा घेऊन या.

नव्यातलं 'इन्फ्लेट' सध्या सगळ्यांना हवं असतं, फुग्यासारखी अक्षरं. त्यालाही जोडलेली शिरोरेषा लागते. सुट्या अक्षरांवर इन्फ्लेट दिलं तर शिरोरेषेच्या जागी सॉसेजची माळ होते. बारीक फॉन्टवर ते ओल्या शेवयांसारखं दिसतं. जाड, गुबगुबीत फॉन्ट घ्या. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मोदक' नावाचा फुकट मिळणारा फॉन्ट आहे, त्याला इन्फ्लेट दिलं की नाव सार्थ होतं.

कोरलबद्दल लोक उगाच नाक मुरडतात. आपल्याकडच्या अनेक फ्लेक्सवाल्यांकडे तेच असतं, आणि साध्या बोर्डासाठी त्याचं एक्स्ट्रूड टूल झकास आहे. व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे जाडीच्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू, माउसने ओढता येतो, तीन दिवे लावता येतात, ग्रुप तोडला की बाजू वेगळ्या रंगवता येतात. नुसती सपाट जाडी हवी असेल तर २०१८ च्या आवृत्तीपासून ब्लॉक शॅडो टूल आहे, एका ओढीत काम होतं.

आणि तुमच्या बोर्डासाठी मला विचाराल तर मी यातलं काहीच वापरणार नाही. इलस्ट्रेटरमध्येच जोडलेल्या शब्दाला अपिअरन्स पॅनेलमधून दुसरा फिल, म्हणजे आत भरलेला रंग, द्या, गडद रंगाचा, मूळ फिलच्या खाली. त्या फिलवर इफेक्ट मेनूतून डिस्टॉर्ट अँड ट्रान्सफॉर्म आणि त्यातलं ट्रान्सफॉर्म. आडवं ०.२५ मिलिमीटर, उभं ०.२५ मिलिमीटर, कॉपी ४०. झाली दहा-दहा मिलिमीटरची जाडी, उजवीकडे आणि खाली. शिरोरेषा आडवीच राहते, मशीन हलकं राहतं, रंग तुम्ही दिला तोच छापला जातो, आणि मालकांनी कमी म्हटलं की कॉपी ३० करायच्या. फाइल एकास दहा मापात असेल तर ते ०.२५ बोर्डावर अडीच मिलिमीटर होतात हे लक्षात ठेवा. कोपऱ्यांवर करवतीचे दात दिसायला लागले तर अंतर निम्मं आणि कॉपी दुप्पट. उजेडाचा खेळ यात नाही, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला नाव वाचायचं असतं.

बाटलीला मात्र क्लासिकचं रिव्हॉल्व्ह, म्हणजे बाह्यरेषा गोल फिरवून वस्तू करणं, अजून उत्तम आहे. बाटलीची निम्मी बाह्यरेषा काढा, फक्त फिल ठेवा आणि स्ट्रोक काढून टाका. स्ट्रोक राहिला तर पृष्ठभाग वाढतात आणि लेबल कुठल्या पृष्ठभागावर टाकायचं ते शोधताना जीव जातो. लेबल आधी सिम्बॉल म्हणून जतन करायचं, मग मॅप आर्टमध्ये पृष्ठभाग निवडून टाकायचं. तिथे फिकट राखाडी भाग समोरचा, गडद भाग मागचा. लेबलचं प्रमाण मात्र खऱ्या मापाचं ठेवा. सात सेंटिमीटर व्यासाची बरणी म्हणजे बावीस सेंटिमीटर घेर, शाळेतला बावीस सप्तमांश. त्यातलं अकरा समोर असतं, पण कडेचं आवळलं जातं. मधल्या सात-साडेसात सेंटिमीटरमध्ये नाव बसलं तरच ते एका नजरेत वाचता येतं. स्क्रीनवर सपाट लेबल बघून नाव पंधरा सेंटिमीटर पसरवलेलं असतं आणि बाटलीवर 'मिसळ मसाला'चं 'सळ मसा' उरतं. मॉकअप, म्हणजे हे नमुन्याचं चित्र, त्यासाठीच करायचं, मालकांना खूश करायला नंतर. 'शेड आर्टवर्क' टिक केल्याशिवाय लेबल चिकटवल्यासारखं दिसेल. ते संथ चालतं, पण करा.

शेवटची गोष्ट बोर्ड कापून करायचा असेल तर. अ‍ॅक्रेलिकची किंवा एसीपीची (अ‍ॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेलची) उठावाची अक्षरं लावायची असतील तर कटिंगवाल्याला थ्रीडी फाइल द्यायचीच नाही. खरी खोली त्याच्या शीटची जाडी देणार आहे, तुमचा इफेक्ट नाही. त्याला हवी फक्त सपाट, जोडलेली, बंद बाह्यरेषा, एकच रेघ, खऱ्या मापात. सुरुवातीच्या काळात मी घाईत एक्स्पांड केलेली थ्रीडी फाइल पाठवली होती. ऑपरेटरने सगळं सिलेक्ट करून राउटर, म्हणजे कापायचं मशीन, सुरू केला, आणि आठ बाय चारच्या लाल शीटच्या कोपऱ्यात सावलीच्या प्रत्येक पट्टीची वेगळी चिंधी कापली जायला लागली. आवाज बदलला म्हणून त्याने थांबवलं. शीटचे पैसे मी भरले, चूक माझीच होती. तेव्हापासून फोल्डरमध्ये दोन फाइल असतात आणि त्यांची नावं मी मराठीतच ठेवतो, 'दाखवायची' आणि 'कापायची'. थ्रीडी देण्याआधीचा जोडलेला सपाट शब्द तुमच्याकडे तयारच आहे. तोच 'कापायची'मध्ये टाका, माप लिहा, आणि पाठवण्याआधी कंट्रोल-वाय दाबून एकदा रेषा मोजा.